दारातल्या मोत्याचे बारा महिने



भीमजयंती जवळ आली की आपल्या वस्तीत घरोघरी रंगाचे डबे निघतात. आमच्याकडेही निघतात. काही वर्षांपूर्वी असेच मार्च महिन्यात आम्ही भिंत खरवडायला घेतली. दाराच्या चौकटीपाशी प्लास्टर फुगून एक चीर पडली होती. तिच्यात पत्रा घालून उकरले, तर आतून एरंडीच्या बियांसारखे करडे, टम्म फुगलेले गोचीड खाली पडू लागले. एक नाही, दोन नाही, ओंजळभर! आमचा राजा नावाचा कुत्रा त्याच दारात गोणपाटावर झोपत असे. तो रात्रंदिवस अंग खाजवी आणि आम्ही म्हणत असू, "कुत्रंच ते, खाजवायचंच!"

त्या दिवशी आम्ही जे केले ते आजही मनाला लागून आहे. स्टोव्हसाठी ठेवलेल्या रॉकेलमध्ये फडके बुडवले आणि राजाचे सगळे अंग पुसून काढले. वडीलधाऱ्यांना तसे करताना पाहिले होते. गोचीड काही गळाले, पण राजाच्या पोटाची कातडी भाजल्यासारखी लाल झाली. पंधरा दिवसांनी त्याने भाकरीला तोंड लावायचे सोडले. नाकातून रक्त आले. ओठ उचलून पाहिले तर हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या. रिक्षात घालून जनावरांच्या दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी रक्त तपासून सांगितले, हा गोचिडांमुळे येणारा ताप आहे, फार उशीर झाला. तिसऱ्या दिवशी राजा गेला. निघताना डॉक्टर एवढेच म्हणाले, "याचे केस तर आखूड होते. रोज नुसता हात फिरवला असता, तरी कळलं असतं."

रोज नुसता हात फिरवणे! त्याला पैसा लागत नाही, शिक्षण लागत नाही. आम्ही ते केले नाही. आज आमच्या दारात मोत्या आहे आणि या स्तंभात आम्ही जे सांगणार आहोत, ते राजा गेल्यावर शिकलो आहोत. आपल्या कष्टकऱ्यांच्या घरी बहुधा हाच आखूड केसांचा गावठी कुत्रा असतो. तेव्हा बोलू या त्याच्याचविषयी.

कुत्र्याचे लाड आपल्याला कशाला?

हा प्रश्न आमच्या भगिनी विचारतात आणि तो खोटा नाही. माणसाला दवाखाना परवडेना, तिथे कुत्र्याचा दवाखाना कुठून? शिवाय या प्रश्नामागे आपल्या समाजाचे एक जुने दुखणे आहे. मनुस्मृतीने चांडाळाला गावाबाहेर घालवले आणि त्याची संपत्ती कोणती, तर कुत्री आणि गाढवे, असे लिहून ठेवले. महाडच्या चवदार तळ्यावर गुराढोरांना, कुत्र्या-मांजरांना मज्जाव नव्हता, माणसाला होता. म्हणून २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना तिथे ओंजळभर पाणी पिऊन सत्याग्रह करावा लागला आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडलाच मनुस्मृतीचे दहन झाले. १९३१ साली मुंबईत मणिभवनात गांधीजींची भेट झाली, तेव्हाही बाबासाहेबांनी हेच सुनावले होते, की या देशात आम्हाला कुत्र्या-मांजरापेक्षा हीन वागवले जाते.

एवढेच नाही. आपल्या गावठी कुत्र्याला इंग्रजांनी नाव दिले 'पराया डॉग'. हा 'पराया' शब्द आला तमिळ देशातल्या परैयर या अस्पृश्य गणल्या गेलेल्या जातीवरून. म्हणजे आपल्याच एका भावंड-समाजाचे नाव शिवी म्हणून मुक्या जनावराच्या गळ्यात बांधले.

पण भगिनींनो, या सगळ्यात कुत्र्याचा गुन्हा कोणता? तळ्याला कुंपण त्याने घातले नव्हते. आपला राग त्या व्यवस्थेवर आहे आणि तो असलाच पाहिजे. मुक्या जीवावर तो का काढावा? खुद्द बाबासाहेबांनी काढला नाही. फेब्रुवारी १९३४ मध्ये दादरच्या राजगृहात काढलेले त्यांच्या कुटुंबाचे छायाचित्र पुष्कळांनी पाहिले असेल. त्यात बाबासाहेब आहेत, माता रमाई आहेत, यशवंतराव आहेत, लक्ष्मीबाई आणि मुकुंदराव आहेत, आणि त्यांच्यासोबत बाबासाहेबांचा लाडका कुत्रा टोबी आहे. कुटुंबाच्या छायाचित्रात त्याला जागा आहे! १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत सर्व प्राणिमात्रांवर दया करण्याची आणि त्यांचे पालन करण्याची प्रतिज्ञाही आहे. तेव्हा कुत्र्याची निगा म्हणजे श्रीमंतांचे थेर नव्हेत. आपण घेतलेल्या दीक्षेतच ती बसते.

आखूड केस म्हणजे निगा नको, असे नाही

पुष्कळांचा समज असा, की केसाळ कुत्र्यालाच विंचरावे लागते, गावठी आपला आपण स्वच्छ राहतो. हे अर्धेच खरे आहे. आखूड केसांत गुंता होत नाही आणि चिखल वाळला की झडून जातो. पण आखूड केसांखाली कातडी जवळजवळ उघडी असते. उन्हाचा चटका, थंडीचा कडाका, गोचीड, माश्या, सगळे थेट तिच्यावर येते. फायदा एकच आणि मोठा, तो म्हणजे काही बिघडले तर हाताला लगेच लागते.

म्हणून रोजचा नेम असा ठेवावा. संध्याकाळी कामावरून आल्यावर पाच मिनिटे. आधी कानामागे आणि कानाच्या आत, मग मानेला पट्ट्याखाली, पुढच्या पायांच्या बगलेत, पोटाखाली, मांड्यांमध्ये, शेपटीच्या बुडाशी आणि शेवटी पायांच्या बोटांच्या बेचक्यांत. गोचीड याच जागा धरतो. बोटाला मसुराएवढी गाठ लागली की केस बाजूला सारून पाहावे. गोचीड असेल तर चिमट्याने अगदी कातडीलगत धरून सरळ, सावकाश ओढावा. पिळू नये, बोटांनी चिरडू नये, काडीने चटका देऊ नये. काढलेला गोचीड साबणाच्या पाण्यात किंवा स्पिरिटमध्ये बुडवून मारावा आणि हात साबणाने धुवावेत. हे काम घरातल्या शाळकरी मुलाला शिकवले तर तो आवडीने करतो आणि मैत्रीभावना म्हणजे काय, हे त्याला वेगळे समजवावे लागत नाही.

आंघोळीचे प्रमाण मात्र थोडे ठेवावे. तीन-चार आठवड्यांतून एकदा पुरे. कुत्र्याची कातडी आपल्यापेक्षा पातळ असते आणि आपला अंगाचा साबण तिला कोरडी करतो. धुण्याचा साबण, फिनेल, डेटॉलचे कडक पाणी यांपैकी काहीही लावू नये. कुत्र्यांच्या साबणाची एक वडी मिळते, ती कित्येक महिने पुरते. तीही नसेल तर स्वच्छ पाण्याने धुऊन पंचाने खरखरून पुसले तरी अंग निघते. कडुनिंबाचा पाला उकळून गार केलेले पाणी शेवटी ओतायला हरकत नाही, पण त्याने गोचीड मरतील या भरवशावर राहू नये.

आता ऋतूंप्रमाणे पाहू.

उन्हाळा : भीमजयंती ते बुद्धपौर्णिमा

उन्हाळ्याच्या तोंडावर कुत्र्याचे केस गळतात. चादरीवर, चटईवर, मुलांच्या गणवेशावर केसच केस. काही जण घाबरून म्हणतात, कुत्र्याला रोग झाला. सगळ्या अंगावरून सारखे केस गळत असतील आणि खालची कातडी स्वच्छ असेल तर तो रोग नव्हे, जुना कोट उतरतो आहे. पावसाळा सरताना असेच पुन्हा एकदा होते. अशा वेळी रबराचे दाते असलेल्या ब्रशने, नाहीतर ओलसर जाड्याभरड्या फडक्याने, केसांच्या दिशेने दिवसाआड घासावे. घराबाहेर घासावे म्हणजे केस घरात येत नाहीत. मात्र गोल गोल चट्टे पडून कातडी उघडी पडली, खपल्या धरल्या, तर ते केस गळणे नव्हे. ती लूत किंवा बुरशी समजावी आणि दवाखाना गाठावा.

उन्हाळा आहे म्हणून आखूड केसही कापून टाकावेत, असे कुणी सांगितले तर ऐकू नये. तेवढे केस हीच त्याची छत्री आहे. ते गेले की कातडी उन्हाने भाजते. पांढऱ्या कानांच्या, गुलाबी नाकाच्या कुत्र्याला हा त्रास आधी होतो.

कुत्र्याला आपल्यासारखा सर्वांगाला घाम येत नाही. पंजांच्या तळव्यांना थोडा येतो, बाकी उष्णता तो जीभ बाहेर काढून, धापा टाकून घालवतो. आपली घरे पत्र्याची. दुपारी आत भट्टी पेटलेली असते. अशा घरात त्याला कोंडून, साखळीने बांधून कामाला जाऊ नये. बांधताना हेही पाहावे, की सकाळी जिथे सावली असते तिथे दुपारी ऊन येते. पाणी प्लास्टिकच्या डब्यात ठेवू नये, जड मातीच्या परळात ठेवावे. पाणी गारही राहते आणि सांडतही नाही. फिरवायला सकाळी लवकर आणि दिवेलागणीनंतर न्यावे. डांबरी रस्त्यावर आपल्या हाताची उलटी बाजू ठेवून पाहावी. सात आकडे मोजेपर्यंत ती ठेववली नाही, तर त्याचे पायही भाजणारच.

कुत्रा फार जोराने धापा टाकू लागला, हिरड्या लालभडक झाल्या, लाळ घट्ट झाली, तो झोकांड्या खाऊ लागला, तर ऊन लागले असे समजावे. लगेच सावलीत आणावे. पोट, मांड्या आणि पंजे नळाच्या साध्या पाण्याने भिजवावेत, वारा घालावा, घोट घोट पाणी द्यावे. बर्फात बुडवू नये आणि ओले पोते अंगावर घालून ठेवू नये, त्याने उष्णता आत कोंडते. थोडा सावरला तरी दवाखान्यात न्यावेच.

गोचिडांचे राज्यही उकाड्यातच वाढते. फुगलेली मादी कुत्र्याच्या अंगावरून उतरते, भिंतीच्या चिरेत जाते आणि हजारांनी अंडी घालते. म्हणून नुसते कुत्र्याचे अंग साफ करून भागत नाही, भिंतही बुजवावी लागते. जयंतीच्या रंगकामाआधी दाराच्या चौकटीपाशी आणि जमिनीलगत असलेल्या चिरा सिमेंटने भराव्यात. कुत्र्याचे अंथरूण आठवड्यातून एकदा उकळत्या पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावे. गोचीड फार झाले असतील तर मानेवर टाकायचे थेंब मिळतात, गोळ्याही मिळतात. त्या कुत्र्याच्या वजनाप्रमाणे असतात, म्हणून डॉक्टरांना विचारूनच द्याव्यात. घरात मांजर असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे, कारण कुत्र्याची काही औषधे मांजराचा जीव घेतात. रॉकेल, शेतात फवारायचे औषध, गॅरेजमधले जळके ऑइल यांपैकी काही म्हणजे काही लावू नये. कुत्रा अंग चाटतो आणि ते विष पोटात जाते. राजाच्या बाबतीत केलेली आमची चूक तुम्ही करू नका.

आणखी एक गोष्ट, आपल्याच घरची. जयंतीच्या मिरवणुकीत ढोल, डीजे, फटाके सगळे असते. उत्साह हवाच. पण कुत्र्याचे कान आपल्यापेक्षा किती तरी तीक्ष्ण असतात. त्या रात्री त्याला आतल्या खोलीत, खिडकी लावून, पाणी ठेवून बसवावे. घाबरून पळालेले कुत्रे वाहनाखाली येते.

पावसाळा : वर्षावासाचे तीन महिने

आषाढी पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो. पावसात फिरताना पायाखाली जीवजंतू चिरडू नयेत म्हणून भगवंतांनी भिक्खूंना एका जागी राहण्याचा नियम घालून दिला. ज्या धम्माने पायाखालच्या किड्याचा विचार केला, त्या धम्माच्या माणसाच्या दारात कुत्रा भिजत उभा असणे शोभत नाही.

पावसाळ्यात कामाची वस्तू एकच, ती म्हणजे कोरडे फडके. जुना टॉवेल, फाटके सुती लुगडे, काहीही चालेल. दारालाच टांगून ठेवावे. कुत्रा बाहेरून आला की आधी पोट पुसावे, मग पाय, आणि बोटांच्या बेचक्या विसरू नयेत. तिथे ओल राहिली की बुरशी येते, लाल होते, मग तो पाय चाटत बसतो. कानही आतून हलकेच पुसावेत. कानाला वास येऊ लागला, तो डोके सारखे झटकू लागला, तर काडी किंवा हेअरपिन आत घालू नये, डॉक्टरांना दाखवावे. गळ्यातला पट्टा भिजला की काढून वाळत घालावा. ओल्या पट्ट्याखाली जखम होते आणि केसांमुळे दिसत नाही. पट्टा आणि मान यांत दोन बोटे सहज गेली पाहिजेत. पिल्लू वाढते, पट्टा वाढत नाही, हे ध्यानात ठेवावे.

झोपायला फरशीवर नुसते पोते टाकले तर ते खालून ओल ओढते. दोन विटांवर फळी आणि फळीवर गोणपाट, एवढे केले की पलंग तयार!

पावसाळ्यातल्या जखमेकडे चोवीस तासही दुर्लक्ष करू नये. माशी बसते, अंडी घालते आणि दोन दिवसांत अळ्या पडतात. अशी जखम दिसली तर पेट्रोल किंवा फिनेल ओतू नये, तो मरणप्राय वेदनेने चावतो आणि दोष त्यालाच येतो. सरळ दवाखान्यात न्यावे.

उंदरांच्या मुतातून पसरणारा लेप्टो नावाचा आजार तुंबलेल्या पाण्यातून येतो. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत या आजाराने माणसे गेली. तो कुत्र्यालाही होतो आणि कुत्र्याच्या मुतातून माणसालाही होऊ शकतो. कुत्र्यासाठी याची लस असते. पावसाळ्याआधी ती द्यावी आणि तुंबलेल्या पाण्यात त्यालाही सोडू नये, मुलांनाही सोडू नये. पोटातल्या जंतांचे औषध दर तीन महिन्यांनी द्यावे. त्याची घाण जुन्या वर्तमानपत्रात उचलावी, कारण ते जंत अनवाणी खेळणाऱ्या आपल्याच लेकरांना लागतात.

दीक्षादिन आणि ऑक्टोबरचा उकाडा

पाऊस ओसरला की कुत्रा पुन्हा कोट टाकतो. ब्रश पुन्हा काढावा. ओल आणि ऊन एकत्र आल्याने या दिवसांत गोचीड पुन्हा जोर करतात, तेव्हा रोजचा हात चुकवू नये. गोचीड काढल्यानंतर तीनेक आठवडे लक्ष ठेवावे. कुत्रा सुस्त झाला, जेवेना, हिरड्या फिकट पडल्या, लघवी गडद झाली, नाकातून रक्त आले, यांतले काहीही दिसले तर उद्यावर टाकू नये. वेळेवर औषध मिळाले तर हा ताप बरा होतो. कुत्र्याच्या अंगाची उष्णता मुळात १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते, म्हणून हाताला गरम लागला एवढ्यावरून तापाची गोळी देऊ नये. आपल्या तापाच्या, अंगदुखीच्या गोळ्या त्याला विषासारख्या ठरतात.

नखेही याच सुमारास पाहावीत. बाहेर फिरणाऱ्या कुत्र्याची नखे झिजतात. पण पायाच्या आतल्या बाजूला, जरा वर, एक नख असते. ते जमिनीला टेकत नाही म्हणून झिजत नाही, वाटोळे वाढून मांसात रुतते. तेवढे कापून घ्यावे.

दीक्षाभूमीला जाताना किंवा डिसेंबरमध्ये चैत्यभूमीला जाताना आपण दोन-तीन दिवस घर बंद करतो. तेव्हा शेजारणीला आधी सांगून, पाणी-भाकरीची सोय करूनच निघावे. साखळीला बांधलेला जीव आपली वाट पाहत असतो.

हिवाळा : सहा डिसेंबरपासून माघापर्यंत

विदर्भ-खानदेशाकडची थंडी आखूड केसांच्या कुत्र्याला सोसत नाही. त्यातही म्हातारा कुत्रा आणि पिल्लू यांना जपावे. जुन्या स्वेटरची बाही कापून पिल्लाला छान अंगरखा होतो. मोठ्याला जुना सदरा पुढच्या पायांत घालून पोटाशी गाठ मारावी. पण तो ओला झाला की काढावा. आंघोळ घालायचीच तर दुपारच्या उन्हात, कोमट पाण्याने. कोपरांची कातडी फुटते, तिथे खोबरेल तेलाचे बोट लावावे. रात्री कुत्रे उबेसाठी चुलीच्या राखेत शिरते आणि निखाऱ्याने भाजते, म्हणून राख विझल्याची खात्री करावी. रिक्षावाल्या, टेम्पोवाल्या बंधूंनी सकाळी गाडी सुरू करण्याआधी खाली वाकून पाहावे. चाकाजवळ कुणीतरी मुटकुळे करून झोपलेले असते.

अन्नाचा परिणाम केसांवर दिसतो. केस निस्तेज, खरखरीत झाले की पोटाकडे पाहावे. भाकरी, भात चालतो, पण त्याबरोबर अंडे, मासळी किंवा कोंबडीचे उकडलेले मांस अधूनमधून मिळाले पाहिजे. तिखट रस्सा, कांदा, द्राक्षे, चॉकलेट देऊ नये. कोंबडीची शिजवलेली हाडे फुटून आतड्यात घुसतात, तीही देऊ नयेत.

लस, चावा आणि आपली लेकरे

अंगाची निगा कितीही राखली आणि लस टोचली नाही, तर सारे फुकट. पिल्लू सहा-आठ आठवड्यांचे झाले की पार्व्होसारख्या आजारांची लस सुरू करावी आणि तीन महिन्यांचे झाले की पिसाळण्याविरुद्धची लस द्यावी. ती पुढे डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे चालू ठेवावी, बहुधा वर्षातून एकदा. लसीच्या तारखांचे कार्ड घरातल्या रेशनकार्डाबरोबर जपून ठेवावे. मुंबईत परळला जनावरांचे मोठे इस्पितळ आहे, नागपुरात पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना आहे, गावोगावी सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने आहेत. ते गुरांसाठीच आहेत असे समजून मागे फिरू नये. सम्राट अशोकाने आपल्या दुसऱ्या शिलालेखात माणसांसाठी आणि जनावरांसाठी, दोघांसाठी औषधोपचाराची व्यवस्था केल्याचे कोरून ठेवले आहे. ही सोय मागणे हा आपला वारसाच आहे.

कुत्रा चावला, ओरबाडले, किंवा जखमेवर चाटले, मग तो घरचा असो की रस्त्यावरचा, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. घड्याळ लावून पंधरा मिनिटे. हळद, चुना, तिखट, तेल काहीही भरू नये. मांत्रिक, गंडे-दोरे यांच्या नादी तर आपण बौद्धांनी लागूच नये. लगेच सरकारी रुग्णालयात जावे आणि ठरल्या दिवशी सगळे डोस पुरे करावेत. जखम खोल असेल तर जखमेतच टोचायचे आणखी एक औषध असते, ते मागून घ्यावे. धनुर्वाताचेही इंजेक्शन विचारावे. पोटातल्या चौदा इंजेक्शनांची भीती आता बाळगू नये, ती पद्धत कधीच बंद झाली. आता इंजेक्शन दंडात देतात. पण एकदा लक्षणे दिसू लागली की या रोगावर इलाज नाही, हे कधी विसरू नये.

शेवटी एक गोष्ट

जातकांमध्ये कुक्कुर जातक नावाची कथा आहे. जातके आपण बोधकथा म्हणून घ्यावीत. वाराणसीच्या राजाचा रथ रात्री अंगणात राहिला. पाऊस आला, चामड्याचा साज भिजून मऊ झाला आणि राजवाड्यातल्या कुत्र्यांनी तो खाऊन टाकला. सकाळी सेवकांनी सांगितले, बाहेरची कुत्री मोरीतून आत शिरली. राजाने हुकूम सोडला, दिसेल ते कुत्रे मारा. फक्त राजवाड्यातली वगळा! तेव्हा स्मशानात राहणाऱ्या कुत्र्यांचा म्होरक्या, म्हणजे बोधिसत्त्व, एकटा दरबारात गेला. त्याने राजाला विचारले, चोर कोण हे न तपासता गरिबांना शिक्षा आणि घरच्यांना अभय, हा कुठला न्याय? त्याने ताकात दर्भ कुस्करून राजवाड्यातल्या कुत्र्यांना पाजायला लावले. त्यांनी चामड्याचे तुकडे ओकून टाकले आणि सत्य बाहेर आले.

ही गोष्ट आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. तपास न करता बाहेरच्याला दोषी ठरवणे म्हणजे काय, ते आपल्या पिढ्यांनी भोगले आहे. २०२५ साली रस्त्यावरच्या कुत्र्यांवरून सर्वोच्च न्यायालयापर्यंत देशभर वाद झाला. कुणी म्हणाले सगळी उचला, कुणी म्हणाले सगळी सोडा. लेकरांना चावे होतात हे खरे आहे आणि ते चावे बहुतेक आपल्याच वस्तीतल्या लेकरांना होतात. म्हणून आपण मधला मार्ग धरावा. आपल्या गल्लीतल्या कुत्र्यांची नसबंदी आणि लस करून घ्यावी, त्यासाठी महापालिकेकडे किंवा नगरपालिकेकडे अर्ज द्यावा, महिला मंडळाने पाठपुरावा करावा. आणि आपल्या दारातल्या कुत्र्यावर रोज संध्याकाळी पाच मिनिटे हात फिरवावा.

परवा रात्री मोत्याच्या कानामागे आमच्या बोटाला मसुराएवढी गाठ लागली. दिवा जवळ घेतला, चिमटा आणला, एका ओढीत गोचीड बाहेर. मोत्या हललाही नाही, आमच्या मांडीवर डोके ठेवून झोपून गेला. भिंतीवर राजाचा फोटो नाही, पण त्या क्षणी आम्हाला त्याची आठवण आली.

भवतु सब्ब मंगलं! जयभीम!